परवान्यानंतरचं शिकणं कुणी विचारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत वैमानिक प्रशिक्षणावर आलेलं पान आमच्या घरी जपून ठेवलं आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल, डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या लेखी परीक्षा, २०० तासांचं उड्डाण, त्यातले १०० तास स्वतःच्या कमांडखाली, आणि शेवटी कमर्शियल पायलट लायसन्स, असा सगळा मार्ग त्यात नीट मांडला होता. माहिती चोख होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ते पान वाचून पोराला किंवा पोरीला पाठवणाऱ्या आईवडिलांचा असा समज होतो की विमान चालवायला एकदा शिकलं की शिकलं, पुढे फक्त तास भरायचे. हा समज धोक्याचा आहे. नव्या वैमानिकाला दुसऱ्या, अनोळखी विमानात बसताना काय काय नव्याने शिकावं लागतं, याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे. खासगी वैमानिकाच्या परवान्यापर्यंतचं माझं शिक्षण परराज्यातल्या एका संस्थेत सेसना १५२ या विमानावर झालं आणि त्यापुढचं उड्डाण डायमंड डीए ४० या विमानावर सुरू झालं. सुट्टीत गावी आले की माझे थोरले चुलते विचारतात, "पोरी, लायसन मिळालं न्हवं तुला? मग आणि काय शिकाय लागतंय?" माझ्या फीमध्ये त्यांच्याही कष्टाचे पैसे आहेत. त्यांना नीट उत्तर मिळायलाच हवं, आणि त्यांच्यासारखे कितीतरी चुलते, मामा, आजोबा आज महाराष्ट्रभर हाच प्रश्न विचारत असतील.

आधी सेसना १५२ बद्दल. दोन सीटचं, डोक्यावर पंख असलेलं, ११० हॉर्सपॉवरचं छोटं विमान. भरून जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. हे मॉडेल १९७७ ते १९८५ या काळात बनलं, म्हणजे आज शिकणाऱ्या मुलामुलींपेक्षा ही विमानं वयाने कितीतरी मोठी आहेत. साधं, प्रामाणिक विमान. पेट्रोलच्या टाक्या वर पंखांत असल्यामुळे पेट्रोल आपोआप खाली इंजिनाकडे उतरतं. त्यासाठी पंप नाही. दोन सीटच्या मध्ये जमिनीवर एक कॉक असतो. त्याच्या दोनच जागा, चालू आणि बंद. उड्डाणाआधी तो चालू आहे हे बघायचं आणि मग उतरेपर्यंत त्याला हात लावायचं कारणच पडत नाही. शिकाऊ मुलाच्या मनात पेट्रोल म्हणजे 'किती उरलं' एवढाच हिशेब बसतो. 'कुठल्या टाकीतून चाललंय' हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो.

आता त्याच मुलाला डीए ४० मध्ये बसवा. पंख खाली, पेट्रोल खाली, ते वर चढवायला पंप. आणि कॉकच्या जागा तीन : डावी टाकी, उजवी टाकी, बंद. दोन्ही टाक्या एकत्र अशी सोयच नाही. घड्याळ लावून आलटून पालटून टाकी बदलायची, बदलताना इलेक्ट्रिक पंप चालू करायचा, बदलल्यावर प्रेशर बघायचं, मग पंप बंद. हे विसरलं तर एका बाजूची टाकी रिकामी होऊन इंजिन थांबू शकतं आणि दुसऱ्या पंखात पेट्रोल शिल्लकच असतं. (मी एव्हीगॅसवर, म्हणजे विमानाच्या पेट्रोलवर, चालणाऱ्या डीए ४० बद्दल लिहिते आहे. याच नावाचं डिझेल इंजिनचं विमान जेट इंधनावर चालतं, त्यात कॉकची मांडणी वेगळी, टाक्यांचं काम वेगळं आणि इंजिनाचा लिव्हरही एकच. नाव तेच, विमान दुसरं.)

वडिलांना हे समजावताना त्यांनीच पटकन पकडलं. आमच्याकडच्या दोन ट्रॅक्टरचे हायड्रॉलिकचे लिव्हर वेगवेगळ्या जागी आहेत. गडी नवा असला की वडील त्याला आधी रिकाम्या रानात फिरवून आणायला लावतात, बागेत घालू देत नाहीत. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही.

पेट्रोलपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो इंजिनाचा आवाज आणि घड्याळं वाचण्याचा प्रश्न. १५२ चा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, ठरावीक कोनाचा असतो. थ्रॉटल ओढला की आरपीएम उतरतात, ढकलला की चढतात. इंजिनाचं काही बिनसलं, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला लागला, की पहिली खूण आरपीएमच्या घड्याळात दिसते. महिनोन्महिने आमची नजर त्याच घड्याळावर पक्की होते. डीए ४० च्या प्रॉपेलरचा कोन बदलतो. एक गव्हर्नर तो कोन सतत फिरवत राहतो आणि आरपीएम आपण लावलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. इंजिनाची ताकद कमी व्हायला लागली तरी आरपीएमचा आकडा बराच वेळ हलत नाही. बिघाडाची खूण आता मॅनिफोल्ड प्रेशरच्या घड्याळात दिसते, जे घड्याळ १५२ मध्ये नव्हतंच. नवा वैमानिक जुन्या जागी बघतो, तिथे सगळं ठीक दिसतं, आणि तो निर्धास्त राहतो. मला हे जमिनीवर, फळ्यावर आकृती काढून, हँगरमध्ये विमानाचं नाक उघडून दाखवलं गेलं तेव्हा अंगावर काटा आला. ज्या इन्स्ट्रक्टर सरांनी हे दाखवलं त्यांची मी जन्मभर ऋणी राहीन, कारण त्या तासाचे पैसे संस्थेच्या बिलात कुठेच येत नाहीत आणि लॉगबुकातही तो लिहिता येत नाही.

याच सरांनी आणखी एक सवय लावली. विमान हँगरमध्ये उभं, बॅटरी बंद. मी सीटवर बसून पट्टा बांधायचा, डोळ्यांवर रुमाल बांधायचा. ते बाहेर पंखावर उभे राहून एकेक नाव घ्यायचे. इलेक्ट्रिक पंप. अल्टरनेट एअर. मिक्श्चर. फ्लॅप. पेट्रोलचा कॉक, उजवी टाकी. नाव घेतलं की माझा हात थेट तिथे गेला पाहिजे, चाचपडत नाही. चाचपडला की पहिल्यापासून. डीए ४० ची काच पुढच्या बाजूला उचलून उघडते, सगळ्या बाजूंनी काचच, त्यामुळे एप्रिलमध्ये हँगरच्या सावलीतही आत घामाच्या धारा लागायच्या. १५२ मध्ये थ्रॉटल म्हणजे आत ढकलायचा नॉब. इथे मध्यभागी तीन लिव्हर : पॉवर, प्रॉपेलर, मिक्श्चर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण). ताकद वाढवायची तर प्रॉपेलरचे आरपीएम आधी आणि पॉवर नंतर, कमी करायची तर पॉवर आधी. १५२ मध्ये समोर योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल. इथे मांड्यांच्या मधली स्टिक, डाव्या हातात, आणि उजवा हात त्या तीन लिव्हरवर. म्हणजे १५२ मध्ये डाव्या हाताने योक आणि उजव्या हाताने थ्रॉटल धरलेल्या माणसाचे दोन्ही हात आता वेगळं काम शिकणार, हा फरक कागदावर एका ओळीचा आहे. हाताला तो कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला हवा.

जमिनीवर चालवणंसुद्धा बदलतं. १५२ चं पुढचं चाक पायातल्या पेडलला जोडलेलं असतं, पाय दाबला तसं विमान वळतं. डीए ४० चं पुढचं चाक मोकळं फिरतं. सरळ जायला रडर, म्हणजे शेपटीवरचं पायाने वळवायचं पातं, आणि वेग कमी असेल तर एका बाजूचा ब्रेक हलकेच. टेकऑफच्या सुरुवातीला विमान अजून हळू धावत असतं आणि रडरला वाऱ्याचा जोर मिळालेला नसतो, त्या काही सेकंदांत पायांना नवीन अंदाज लागतो.

आणि मग लँडिंग. बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त कुतूहल याचंच असतं. पंखांची लांबी १५२ ची साधारण १० मीटर, डीए ४० ची जवळजवळ १२. विमान जमिनीच्या जवळ, म्हणजे पंखाच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर आलं की पंखाखालच्या हवेमुळे ते तरंगायला लागतं. वर पंख असलेल्या १५२ मध्ये फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झुकणाऱ्या पट्ट्या, पूर्ण खाली असले की जास्तीचा थोडा वेग लवकर मरतो. डीए ४० मध्ये पंख जमिनीच्या अगदी जवळ, शिवाय लांब आणि निसरडे. पूर्ण वजनाला फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ येण्याच्या शेवटच्या टप्प्यात, ७१ नॉट (ताशी सागरी मैल) हा वेग पुस्तकात दिलेला आहे. तिथे ८० घेऊन आलात तर विमान धावपट्टीवरून तरंगत तरंगत पुढे जातं, टेकायचं नावच घेत नाही. अशा वेळी अस्वस्थ होऊन स्टिक पुढे ढकलली की पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी असते. योग्य उपाय एकच, पॉवर देऊन परत वर जायचं आणि नवीन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, मारायचं. हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. पण ज्याने ते त्या विमानात, त्या खुर्चीतून, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना पुष्कळदा केलंय त्याच्याच हातून ते वेळेवर होतं.

आता कुणी म्हणेल, ही सगळी नवख्यांची रड आहे, अनुभवी वैमानिकाला यातलं काही अडत नाही. म्हणून एक जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली घटना सांगते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टरे बेजवळ समुद्रात विमान कोसळून मरण पावले. ते काही शिकाऊ नव्हते. अडीच हजारांहून जास्त तासांचं उड्डाण त्यांच्या नावावर होतं. विमान होतं लाँग ईझेड, कुणीतरी हाताने बांधलेलं, त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं. त्याची तोंडओळख त्यांना आदल्या दिवशी झाली होती, अर्ध्या तासाच्या आसपास. त्या विमानाचा पेट्रोलचा कॉक बांधणाऱ्याने मूळ आराखड्यातल्या जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. त्यावर खुणा नव्हत्या, तो फिरवायला जड होता. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास यंत्रणेने काढलेला निष्कर्ष असा : मागे वळून तो कॉक फिरवण्याच्या प्रयत्नात त्यांचं लक्ष विमानावरून उडालं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि विमानाचा ताबा गेला. कारणांमध्ये तपासकर्त्यांनी पेट्रोल न भरणं, कॉकची अवघड जागा, टाकीच्या मापावर खुणा नसणं हे लिहिलं, आणि त्याच्याच बरोबरीने त्या विमानावरचं अपुरं प्रशिक्षण आणि त्या प्रकारच्या विमानाचा कमी अनुभव हेही लिहिलं. हजारो तास होते, पण त्या विमानातले फार थोडे. मी हा अहवाल वाचला आणि आमच्या वर्गातल्या सगळ्यांना वाचायला लावला.

अमेरिकेत लहान एक-इंजिनी विमानांसाठी प्रकारागणिक वेगळा परवाना लागत नाही. मागचं चाक असलेलं विमान, २०० हॉर्सपॉवरपेक्षा मोठं इंजिन, चाकं आत ओढली जाणारं विमान अशा काही बाबतींत इन्स्ट्रक्टरची सही लागते. बाकी वैमानिकाच्या विवेकावर. तरीसुद्धा तिथल्या एफएए या नियामक संस्थेने अनोळखी विमानाकडे वळणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक पत्रक काढलं, ९०-१०९ क्रमांकाचं. मुख्यतः हौशी लोकांनी बांधलेल्या आणि दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या विमानांच्या पहिल्या काही उड्डाणांत होणारे अपघात त्यामागे होते. आपल्याकडे परवान्यावर विमानाच्या प्रकारांची नोंद असते. नवा प्रकार चढवायचा तर त्या विमानाची तांत्रिक परीक्षा आणि उड्डाणाची चाचणी द्यावी लागते. कायदा आपला जास्त कडक आहे, ही चांगली गोष्ट. पण परीक्षा उत्तीर्ण होण्यापुरतं शिकवायचं की हात बसेपर्यंत शिकवायचं, हे संस्थेच्या मनावर राहतं.

आणि इथेच माझं खरं दुखणं आहे. विमानांचे सुटे भाग वेळेवर येत नाहीत, तपासणीसाठी विमानं उभी राहतात, विद्यार्थी रांगेत असतात. अशा वेळी काही ठिकाणी 'जे विमान मोकळं त्यात बसा' असं चालतं. मीही ते अनुभवलं आहे. संस्थेचं नाव घेत नाही, कारण ही एका जागेची गोष्ट नाही आणि तिथल्या माणसांनी मला बरंच दिलंही आहे. सकाळी फळ्यावर एका विमानाचं नाव, दहा वाजता ते खोडून दुसऱ्याचं. इन्स्ट्रक्टर सोबत असतो, म्हणजे नियमाला धक्का नाही, पण शिकणं तुटतं. सेसना १७२ तर एकाच नावाने दोन तऱ्हेची भेटते. जुनीत गोल घड्याळांचं पॅनेल, काही फार जुन्या विमानांत वेग मैलांत दाखवणारं घड्याळ, आणि नवीत दोन मोठे पडदे. ६५ नॉट आणि ६५ मैल यांत फरक किती? ६५ मैल म्हणजे साधारण ५६ नॉट. जमिनीजवळ हे नऊ नॉट फार असतात.

माझी एक मैत्रीण दुसऱ्या संस्थेत टेकनाम विमानावर शिकली. त्यातलं रोटॅक्स इंजिन वेगळ्याच घडणीचं. ऑइल बघायचं तर आधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रॉपेलर हाताने फिरवत राहायचा, ऑइलच्या टाकीतून गुडगुड असा आवाज आला की मगच दांडी काढून पातळी बघायची. त्याशिवाय आकडा खरा येत नाही. आमच्या लायकमिंग इंजिनांवर पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला धडा म्हणजे प्रॉपेलरला हात लावायचा नाही, इंजिन बंद असलं तरी तो कधीही फिरेल असं समजूनच वागायचं. दोघींना दिलेले धडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती आमच्या विमानाकडे आली किंवा मी तिच्या विमानाकडे गेले, तर पहिल्या पाच मिनिटांतच कुणीतरी शेजारी उभं राहून सांगायला हवं.

मोठ्याकडून परत लहानाकडे येणं याविषयी तर अजिबात कुणी बोलत नाही. डीए ४० मध्ये १८० हॉर्सपॉवर. काही महिने त्यावर उडून मे महिन्यात पुन्हा १५२ मध्ये बसलात, तेही दोघं जण, टाक्या भरून, तर काय होतं? पुण्याच्या उंचीची, म्हणजे १९०० ते २००० फुटांवरची धावपट्टी धरा आणि तापमान ४० अंश. हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. साध्या इंजिनाची सुमारे पंधरा टक्के ताकद तिथेच गेली. विमान उचलतं, पण चढत नाही. डीए ४० च्या सवयीने नाक तितकंच वर धरलं तर वेग पडायला लागतो आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटण्याची वेळ, जवळ येते. नाक खाली ठेवून ६७ नॉट धरायचे आणि झाडांकडे बघत धीर धरायचा, हे पुन्हा शिकावं लागतं. पावसाळ्यात आणखी एक. डीए ४० ला कार्ब्युरेटर नाही, त्यामुळे कार्ब्युरेटर हीटची, म्हणजे बर्फ धरू नये म्हणून त्यात गरम हवा सोडण्याची, सवय मोडते. १५२ मध्ये दमट हवेत, बाहेर २५ अंश असतानाही, पॉवर कमी केल्यावर आत बर्फ धरू शकतो. सह्याद्रीच्या कडेने जुलैमध्ये उडणाऱ्याला हे सांगायला हवं, आणि तो आधी १५२ वरच शिकलाय म्हणून सांगायचं राहून जातं.

मला अनोळखी विमानाची भीती घालायची नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी नावाची नागरी संघटना होती. कारखान्यातून विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवायचं काम. त्यात बायका होत्या, आणि त्या आज स्पिटफायर, उद्या बॉम्बर, परवा एखादं आधी कधीच न पाहिलेलं विमान असं घेऊन जायच्या. कधी कधी दिवसात अनेक प्रकारची. त्यांच्याकडे एक छोटी कार्डांची वही असायची, प्रत्येक विमानाचे मोजके आकडे आणि वेगळेपण लिहिलेली. पण नुसत्या वहीच्या जोरावर ते होत नव्हतं. विमानांचे गट पाडले होते, एका गटावर पक्की झाल्याशिवाय तिला पुढच्या गटाकडे पाठवत नसत. मी त्या वहीसारखी माझी स्वतःची वही केली आहे. प्रत्येक विमानाला एक पान : वेग, पेट्रोलची मांडणी, फ्लॅपच्या मर्यादा, आणि खाली लाल शाईत 'मागच्या विमानापेक्षा काय उलटं आहे' एवढंच. १५२ मध्ये स्पिन, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येणं, मुद्दाम करून शिकता येतं, डीए ४० मध्ये मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे, ही ओळ त्या लाल शाईतली पहिली.

आता वर्तमानपत्रांकडून माझी एक अपेक्षा, रागावू नका. शिकाऊ विमान शेतात उतरलं किंवा धावपट्टीवरून घसरलं की दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य येतं, 'वैमानिकाचा ताबा सुटला'. ताबा सुटला हे खरं असेलही. पण तो वैमानिक त्या प्रकारच्या विमानावर किती तास उडाला होता, त्या आठवड्यात त्याचं विमान बदललं होतं का, इन्स्ट्रक्टर सोबत होता का, हे विचारलं जात नाही. एकूण तासांचा आकडा छापून येतो आणि वाचकाला वाटतं, एवढे तास होते तरी कसं झालं? बातमीदाराने हा एक प्रश्न जास्त विचारला तर संस्थांनाही तो स्वतःला विचारावा लागेल. बारामतीपासून गोंदियापर्यंत, धुळ्यापासून नागपूरपर्यंत आज आपल्या राज्यात विमान प्रशिक्षण चालतं. आकाशात घिरट्या घालणारी ही छोटी विमानं आपल्याच पोरांची आहेत.

प्रवेश घेणाऱ्या आईवडिलांना माझं मनापासून सांगणं आहे. फी किती आणि किती महिन्यांत संपतं, हे जरूर विचारा, कर्ज काढून पैसे भरताय, विचारणारच. पण त्याबरोबर हेही विचारा की माझं मूल किती प्रकारच्या विमानांवर उडणार, कोणत्या टप्प्यावर विमान बदलणार, आणि बदलल्यावर एकट्याने सोडण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर किती उड्डाणं देणार. नव्या विमानाचं हँडबुक विद्यार्थ्याच्या हातात आधी किती दिवस देता? बंद विमानात बसून सराव करायला हँगर उघडा ठेवता का, की त्याचेही पैसे लावता? ज्या संस्थेत या प्रश्नांना सरळ उत्तर मिळतं तिथे पाठवा, जरा महाग पडली तरी. आणि फोनवर पोराला रोज 'किती तास झाले?' असं विचारू नका. तासामागे हजारो रुपये जात असतात, घरी काय चाललंय हे पोरांना माहीत असतं, आणि त्या प्रश्नाने ती घाई करतात. 'मला अजून दोन सर्किट सरांबरोबर हवीत' असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. ज्या घरात ते म्हणायची मोकळीक आहे त्या घरातला वैमानिक जास्त सुरक्षित आहे, असं मला वाटतं. माझ्या घरात ती होती. पहिल्यांदा डीए ४० वर एकटीने सोडायला सर तयार होते, मला आणखी थोडं हवं होतं, वडिलांना फोन केला. "घे की, पैशाचं बघतो मी," एवढंच बोलले.

करिअर पुरवणीत वैमानिक प्रशिक्षणाचं पान पुन्हा काढाल तेव्हा वर लिहिलेले प्रश्न त्यात छापावेत, ही विनंती. मजकूर तपासायला लागला तर एखाद्या अनुभवी इन्स्ट्रक्टरकडून तपासून घ्यावा. माझं लिहिणं अपुरं वाटलं तर ते वगळून त्यांचं छापावं, पण विषय वगळू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली वाचक,
एक नवी वैमानिक
ता. तासगाव, जि. सांगली